निळ्या बोटांची आत्या

माझ्या आत्याची बोटं निळी होती. मुंबईच्या प्रयोगशाळेत ती काचेच्या तुकड्यांवर निळ्या रंगाचा थर चढवायची आणि त्यातून उन्हाची वीज करायची. मे महिन्यात पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आमच्या वाडीवर आली, की आजी तिचा हात धरून विचारायची, "गो, हा रंग जात कसा नाय?" आत्या हसायची. "ऊन धरायचा रंग हाय, आये. राहू दे."

दुपारभर ती माजघरात काचेच्या कौलाखाली बसून असे. कवडसा सरकला की तीही सरकायची. हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. एकदा मी विचारलं, "काय बघतेस?"

"वाया किती जातं ते." मग तळहातावर कवडसा घेऊन सांगू लागली, "थर जाड केला तर ऊन पुष्कळ धरलं जातं, पण त्यानं जागी झालेली शक्ती काठाला पोचण्याआधीच विरते. पातळ केला तर ऊनच आरपार निघून जातं. मधलं काहीतरी सापडायला हवं."

एका वर्षी ते सापडलं. किती उन्हाची वीज होते त्याचा आकडा इतका चांगला आला, की तिच्या सरांनी शोधनिबंध छापायला पाठवला, तिला नोकरीचा शब्द दिला. आजीला दाखवायला ती एक काच आणि मीटर घेऊन आली. अंगणातल्या उन्हात काटा झरझर चढला. आजीने हात जोडले. आत्या मात्र काचेच्या कडांकडे बघत राहिली. मग उठून तिने काळा कागद आणला, त्याला काचेवरच्या निळ्या ठिपक्याएवढं भोक पाडलं आणि तो काचेवर ठेवला. काटा निम्म्यावर आला. कडेने शिरणारं ऊनही वीज करत होतं; ती वीज आकड्यात आली होती, पण ते ऊन मोजणीत धरलेलंच नव्हतं.

"काढ गो तो कागद," बाबा म्हणाले. "कोणाला कळतंय?"

"मला कळलंय, दादा."

दुसऱ्या दिवशी पोलादपूरला उतरून तिने एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. मी दाराशी उभी होते. "चूक माझी आहे, सर," एवढंच ती दोनदा म्हणाली. निबंध परत घेतला गेला. नोकरीचं पुन्हा कोणी बोललं नाही. आत्या महाडच्या कॉलेजात शिकवू लागली.

काही वर्षांनी मीही तिच्याच वर्गात आले. एका प्रयोगाचं उत्तर पुस्तकासारखं यावं म्हणून मी वहीतले आकडे बदलले. तिने वही वाचली. आता ओरडेल, म्हणून मी मान खाली घातली. तिने शेजारी स्टूल ओढलं.

"चल, दोघी परत मोजू."

बाहेर आमची एसटी निघून गेली. ती उठली नाही. शेवटी आलेला आकडा पुस्तकापासून बराच दूर होता. तिने माझ्या हातात पेन दिलं.

"लिही," म्हणाली. "हा तुझा आहे."