बारवेच्या कडीला बांधलेली ओढणी

रविवार, तेरा एप्रिल, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात, बारवेच्या कमानीला बांधलेली माझ्या त्र्याण्णव वर्षांच्या आत्याची ओढणी एका गृहस्थांनी सोडली, तिची गुंडाळी केली, आत्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "आज्जी, असलं काय बांधू नका. फोटोत येतंय."

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी मला उत्तर द्यायचं आहे त्यांना ते ठाऊक आहे. बाकीच्यांनी हे प्रवासवर्णन म्हणून वाचावं. रस्ता, खाणं, खर्च सगळं सांगते. रागाच्या भरात रस्ता चुकवणाऱ्यांतली मी नाही.

ताराआत्या माझ्या वडिलांच्या मोठ्या बहीण, सोलापूरला मुलाकडे असतात. मी पुण्याहून माझ्या नातीला, सईला घेऊन त्यांच्याकडे गेले होते. सई पंधरा वर्षांची, नववीची परीक्षा नुकतीच संपलेली, मान फोनच्या दिशेला कायमची वळलेली. पहिल्याच संध्याकाळी मी तिला ऐकवलं, "तुझ्या वयात आत्या काय करत होत्या, विचार जरा!"

तिनं मान वर न करता विचारलं, "आत्याआजी, काय करायचीस गं?"

"विहिरीत उड्या मारायचे," आत्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, "शालू, एकदा मला बारवेवर घेऊन चल. पाण्यात पाय घालायचेत."

त्यांच्या मुलानं डोक्याला हात लावला. दुपारी बाहेर बेचाळीस अंश होतं. पण आत्यांनी तोवर कपाटातून एक हिरवी ओढणी काढून घडी मोडून पाहायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालो. गाडी दिवसभराची ठरवली, साडेतीन हजार, डिझेल धरून. हैदराबादचा रस्ता आता इतका गुळगुळीत आहे की सोलापूर कधी संपलं कळत नाही. आत्यांना मात्र कळलं. तांदूळवाडीच्या आसपास त्या म्हणाल्या, "इथंच कुठं तरी नाका होता. इकडं इंग्रज, तिकडं निजाम. बैलगाडी थांबवून गाठोडी सोडायला लावायचे." आता तिथं उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे.

अणदूरला थांबलो. खंडोबाचं दर्शन सकाळी घ्यावं, दुपारी देवळातली फरशी पाय भाजते. हा देव वर्षातले काही महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला मुक्कामाला असतो, बाकीचे अणदूरला. आत्या हात जोडून पुटपुटल्या, "देवाला दोन गावं. आम्हाला पोरींना एक विहीर होती." देवळाबाहेर सुशीला खाल्ला, चुरमुऱ्यांचा, वर भरपूर शेंगदाण्याचं कूट. तीन प्लेटा आणि चहा, दीडशेच्या आत. सईनं आधी फोटो काढला. मी बोलणार होते, पण तोंडात घास होता.

जळकोटच्या पुढं हमरस्ता सोडून आत वळलं की रस्ता बिघडतो. मोठी गाडी आणू नका. याच वाटेवर आत्या बोलत्या झाल्या, आणि सईचा फोन हळूहळू खाली गेला.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. दारात दगडी कमान, कमानीला दगडातच कोरलेली एक कडी. माणसं रानात गेली की दुपारी गावातल्या पोरी तिथं जमायच्या आणि कडीला एक ओढणी बांधायच्या. ओढणी आत्यांच्या मैत्रिणीची, हमीदाची. ती कडीला दिसली की आत बायका आहेत, एवढं गावाला कळायचं. कुणी डोकावायचंही नाही. पाठीला वाळका भोपळा बांधून पोरी पोहायला शिकायच्या, आणि भोपळा सुटला की कमानीवरून उड्या.

"हमीदा खालून ओरडायची, 'कायकू डरती गे तारा? गिर!'" आत्या हसल्या. "एकदा निजामाचा घोडेस्वार शिपाई आला. घोडा तहानलेला. आम्ही आत गपगार. त्यानं ओढणी बघितली आणि जाऊन लिंबाखाली बसला. घोडा नुसता खूर आपटत होता. आम्ही केस पुसून बाहेर आलो, हमीदानं ओढणी सोडली, तेव्हा तो उठला."

"भीती नाही वाटली?" सईनं विचारलं.

"त्या शिपायांची वाटायची की! ते दिवसच तसले होते. रोज कुणी तरी जाळपोळीचं, लुटालुटीचं काही तरी ऐकून यायचं. घरात पोरींना दार लावून बसवायचे. म्हणून तर पाण्यात बरं वाटायचं."

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात एका दुपारी आत्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, बारवेच्या दाराशी आले. आत आले नाहीत. बाहेरूनच हाक मारली. आत्या ओल्या लुगड्यानिशी घरी गेल्या आणि तासाभरात बैलगाडीतून सोलापूरच्या वाटेला लागल्या. हमीदा पाण्यातच होती. नंतर ती गुलबर्ग्याला दिली एवढं कळलं.

"तिला 'येते' म्हणून सांगितलं होतं मी," आत्या म्हणाल्या. "परत जाणं झालंच नाही."

तर त्या दिवशी काय घडलं ते आता सांगते.

बारव आता छान साफ केली आहे, याचं श्रेय देते. पाणी स्वच्छ, हिरवं. गावच्या बारव समितीनं लोखंडी जाळीचं दार बसवलंय आणि बाजूला फलक लावलाय. 'महिला व बालकांनी पायऱ्या उतरू नयेत. आदेशावरून.' आत सात-आठ पोरं धबाधब उड्या मारत होती, एक जण फोनवर त्याचं चित्रण करत होता. फलकावरचं तेवढं मराठी मला पुरलं. पण आत्यांना अक्षरं दिसत नाहीत. त्या सईचा हात धरून थेट कमानीपाशी गेल्या, कडी चाचपली आणि ओढणी बांधली. मग खुर्ची मागवून बसल्या. पोरं बाहेर यायची वाट बघत!

कुणीच येत नव्हतं. त्यांना त्या ओढणीचा अर्थच माहीत नव्हता.

आले ते समितीचे भाऊसाहेब, हातात किल्ली. त्यांनी ओढणी सोडली आणि वर सांगितलेलं वाक्य उच्चारलं.

"भाऊसाहेब, ती बांधल्यावर पुरुषांनी बाहेर थांबायचं असतं," मी म्हणाले.

"म्याडम, ते पयलं. आता सेफ्टीचं बघावं लागतंय."

"आणि ही पोरं? ती काय माशांच्या जातीची आहेत?"

"पोरं हायत ती. त्यांना कोण आडवणार?"

कठड्यावर दोन मुली उभ्या होत्या, सईच्याच वयाच्या. मी एकीला विचारलं, "तुला पोहता येतं?"

"न्हाय. आमच्या भावानं हितंच शिकलंय."

"मग सुट्टीत दुपारी काय करतेस?"

"मोबाईल बघती." आणि जरा थांबून, "त्यो बी भावाचाच."

 

मी स्वतः सोलापुरात नन्सच्या शाळेत वाढले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हाला भरतकाम, इंग्रजी कविता पाठ करणं आणि घोट्यापर्यंतच्या झग्यात नेटबॉल. सहलीला तळ्यावर नेलं तर सिस्टर सांगायच्या, "सभ्य मुली पाणी उडवत नाहीत." मला आजही पोहता येत नाही. सईनं सोसायटीच्या तलावात शिकून घेतलंय, फी भरून, शिट्टीच्या तालावर, आणि कंटाळून सोडूनही दिलंय. 'हल्लीची मुलं' हा विषय काढला की माझं तोंड थांबत नाही. पण त्या कठड्यापाशी पाहिलं तर मुलगे तेच करत होते जे अठ्ठेचाळीस सालातही करत असतील. विहिरीतून बाहेर काढलं गेलं ते मुलींना, आणि मग त्यांच्याच हातातला फोन बघून आपण नाकं मुरडतो.

तेवढ्यात सई पुढं झाली. आत्यांच्या मांडीवरून ओढणी उचलून तिनं पुन्हा कडीला बांधली. घट्ट, दोन गाठी मारून. आणि पायरीवर उभी राहून आत ओरडली, "ए, बाहेर या! आता आमची वेळ आहे!"

पोरं हसली. "कोन हाय बे ही?" एक म्हणाला. दुसऱ्यानं फोन तिच्याकडे वळवला. पण दोघं-तिघं चड्ड्या पिळत खरंच वर यायला लागले होते. मी पाहिलं. भाऊसाहेबांनीही पाहिलं. आणि म्हणूनच त्यांनी शिट्टी मारली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि जाळीला कुलूप घातलं. "आता कुणालाच न्हाय. झालं समाधान?"

पोरं आमच्याकडे अशी बघत गेली जशी काही आम्हीच त्यांची सुट्टी संपवली. पाणी पंधरा पायऱ्या खाली होतं. आत्या जाळीला हात लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "शालू, शिपाई बरा होता गं."

परतताना जळकोटला जेवलो. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ठेचा, ताट शंभरला. चव चांगली असावी, मला कळली नाही. आत्या जेवल्याच नाहीत.

सोलापुरात रात्री सई त्यांच्या पलंगावर बसली होती. "उडी मारताना पाय जुळवायचे की मोकळे?" आत्यांनी गुडघ्यांच्या वेदना विसरून पाय उचलून दाखवले. "जुळवून. आणि नाक धरायचं नाही, हमीदा हसते." हसते म्हणाल्या, हसायची नाही. फोन उशाखाली वाजत होता. कुणी उचलला नाही.

मी पुण्याला परत आले, पण बूड टेकत नाही. चार वेळा चहा टाकला, तीन वेळा उतू गेला. म्हणून समितीला रजिस्टर पोस्टानं कळवलंय, आणि इथं जाहीरही करते. मला दोनच गोष्टी लेखी हव्यात. ओढणी कुठल्या अधिकारानं सोडली, आणि आठवड्यातून निदान एक दुपार बारवेची किल्ली गावातल्या मुलींकडे कधीपासून असेल. 'विचाराधीन आहे' असलं उत्तर पाठवू नये. माझ्या आत्यांच्या वयाला ते परवडत नाही.

उत्तर नागपंचमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पोचावं. सही आणि शिक्क्यासह. आलं नाही तरी पंचमीला आम्ही तिघी येतोय. कठड्यावरच्या त्या दोघींना निरोप गेलाय. आत्या पहिल्या पायरीवर बसतील, सई उडी मारेल, आणि मी, सत्तराव्या वर्षी, पाठीला बांधायला वाळका भोपळा शोधतेय.

ओढणी धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे.