वरून टाकलेला बिल्ला

ताईंनी बिल्ला माझ्या हातात वरून टाकला. वीतभर उंचीवरून. ताई म्हणजे आमच्या बॉम्बविरोधी समितीच्या अध्यक्ष, नगरातल्या बंगलेवाल्या. मोर्च्याला जमलेल्या बाकी सगळ्यांना त्यांनी स्वतःच्या हातानं बिल्ले लावले होते, कुणाच्या खांद्यावर हात ठेवून, कुणाची ओढणी सारखी करून. मला म्हणाल्या, "तुझा तू लावून घे गं."

बिल्ल्यावर छापलं होतं, 'अण्वस्त्रं नकोत, माणूस वाचवा.'

पहिल्याच बैठकीत माझं गाव कळल्यावर त्यांनी विचारून घेतलं होतं, "तिसगावात कुठल्या आळीला?" मी सांगितलं होतं, बौद्धवाड्यात.

पण खरी लाज पुढंच आहे. बिल्ला पडायच्या आधीच माझ्या हातांची ओंजळ झाली होती. लहानपणी विहिरीवर आई अशीच ओंजळ धरायची. वरून पाणी पडायचं, कोपरावरून ओघळायचं. मी नगरला आले, एमआयडीसीत मशीनवर उभी राहिले, गेटसभेत बोलायला शिकले. हात मात्र तिथंच, विहिरीवर राहिलेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोस्टरांची खळ मीच शिजवली होती. मैद्याची, मोरचूद घालून. स्टँडपासून कोर्टापर्यंत भिंतींवर पोस्टरं मी डकवली. तेव्हा हे हात चालले.

माझ्या मशीनवरची कमल शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "जाऊ दे गं. मोठ्या कामात असलं बघायचं न्हाई."

लई ऐकलंय हे. काम कायम त्यांचंच मोठं असतं.

मी परत ताईंपुढं गेले. बिल्ला पुढं केला. "ताई, लावा."

"अगं, सांगितलं ना..."

"समद्यांना लावलाय. मला बी लावा."

ताईंनी इकडंतिकडं पाहिलं. लोक बघत होते. मग लावला, बोटं माझ्या साडीला लागणार नाहीत अशा बेतानं. पिन धड बसली नाही, बिल्ला लोंबकळला. ताईंनी रुमालाला हात पुसले.

मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. घरी गेले नाही. बॉम्ब काय आळी विचारून पडतो व्हय? पोस्टर उंच धरलं आणि बिनबिल्ल्याची शेवटपर्यंत चालले. चालताना डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसलं नाही.

पुढच्या मोर्च्याचे बिल्ले आमच्या वस्तीत होतील, माझ्या पत्र्याखाली. येईल त्याला मी लावीन. ताईंनाही लावीन, खांद्यावर हात ठेवून. तो हात सोसत असेल तर यावं. माझी ओंजळ आता कुणापुढं होणार न्हाई.