मामांची पंगत

महाराजांच्या त्या काळात कोल्हापुरात पाहण्यासारखं पुष्कळ होतं. हत्ती होते, शिकारी चित्ते होते, आखाडे गाजवणारे पैलवान होते. पण खरं कोल्हापूर बघायचं तर आमच्या बोर्डिंगच्या मामांना बघावं, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. कॉलेजात शिकणाऱ्या आम्हा खेड्यातल्या पोरांच्या बोर्डिंगचे ते कागदोपत्री सुपरिंटेंडंट. बाकी सगळ्यांचे मामा. पैलवानी अंग, डोक्याला लाल फेटा, आणि आवाज असा की त्यांनी ओट्यावर बसून हळूच काही सांगितलं तरी रंकाळ्यावर म्हशी धुणाऱ्याला ते कळायचं.

पोरगं पुस्तकांपेक्षा पोरांकडून जास्त शिकतं, हे मामांचं शिक्षणशास्त्र. त्यामुळे बोर्डिंगात एकट्यानं काहीही करायला बंदी. आल्या आल्या त्यांनी खोल्यांच्या कड्याच काढून टाकल्या. "दार लावून पोरगं एकतर रडतंय न्हाईतर रुसतंय. दोन्ही कामं भाईर बसून करा की!" नव्या पोराला ते 'पावणं' म्हणत, आणि त्याचं कुणाशी तरी पहिलं भांडण होईपर्यंत तो पाहुणाच राहायचा. भांडण झालं की मामांचा चेहरा खुलायचा. "भांडलास? आता घरचा झालास, लेका!" मग त्या दोघांना पंचगंगेवर नेऊन एकमेकांच्या पाठी चोळायला लावत. माझं पहिलं भांडण उचगावच्या मुलाण्याच्या पोराशी झालं, तेही अंघोळीच्या बादलीवरून. त्यानं माझी पाठ अशी घासली की मला चांगले दोन दिवस पालथं झोपावं लागलं. मीही कसर ठेवली नाही. तिथून जी आमची गट्टी जमली ती कायमची. मामांचे सगळेच प्रयोग असे फळले नाहीत म्हणा. एका दंडाला एक इंग्रजी शब्द, असा नेम त्यांनी काही महिने चालवला. छात्या भरल्या, इंग्रजी होतं तिथंच राहिलं. पण मामा त्यावरही खूश होते.

सगळ्यात मोठा हट्ट पंगतीचा. बाहेर ज्याचं त्याचं पान वेगळं असण्याचे ते दिवस. बोर्डिंगात मात्र पन्हाळ्याकडचा मी, हुपरीच्या सोनाराचा मुलगा, उचगावचा मुलाणी, सगळे एका ओळीत, आणि टोकाला मामा. त्यांचं जेवण बघण्यासारखं असे. भाकऱ्यांची चवड समोर आली की हा हा म्हणता दिसेनाशी व्हायची. अख्ख्या आयुष्यात या माणसाला भूक तेवढी सहन झाली नाही.

पंगतीची बातमी आमच्या गावात पोचली आणि एके दिवशी ऐन जेवणाच्या वेळी आबा, म्हणजे माझे वडील, दारात उभे राहिले. "बोचकं बांध. बास झालं शिक्षान." गावच्या जत्रेला मुलाण्यानं कापलेलं बकरं आमच्या घरी मिटक्या मारत खाल्लं जायचं, पण मुलाण्याच्या पोराला लागून आपल्या पोराचं ताट, हे आबांना सोसेना. घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला. त्या दिवशी गावी गेलो असतो तर परत येणं नव्हतं.

मामा आता गरजणार असं आम्हाला वाटलं. पण उपाशी माणसाशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा नियम. "न्या की, पावणं. पोरगं तुमचंच हाय. पर माझ्या दारातनं कोन उपाशी जात न्हाई. दोन घास खावा, मग न्या."

"हितलं पानी बी नगो मला."

"मग मी बी जेवत न्हाई," म्हणून मामा ओट्यावर बसले. ते बघून पंगतही उठली. आता यजमानाला उपाशी ठेवून निघून जाणं आबांच्याही रीतीत बसेना. मग तेही ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. दोघेही सारखेच हेकट.

दुपार टळली. मामांचं पोट बोलायला लागलं, आणि तेही त्यांच्या आवाजाला शोभेल असंच. आबा चोरून तिकडं बघायचे आणि मान फिरवायचे. दिवेलागणीला त्यांनाच राहवेना. "आवं, तुमी तरी जेवा की!"

"तुमच्या आदी? कसं जेवू?"

"पोरास्नी तरी वाढा."

"ऐकत न्हाईत माझं. तुमीच सांगून बगा."

आबांनी माझ्या शेजारी मलूल होऊन बसलेल्या पोराला विचारलं, "तू का रं जेवला न्हाईस?" तो मुलाण्याचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही.

"पावणं उपाशी हायती की, आबा," तो म्हणाला.

आबा उठले, पाय धुतले आणि म्हणाले, "वाढा." आपलं ताट त्यांनी त्याच्या ताटापासून हातभर लांब सरकवलं. मामांनी ते पाहिलं आणि पहिली भाकरी मोडली. मी बोर्डिंगातच राहिलो.

पुढं सुट्टीत घरी गेलो की आबा परीक्षेचं विचारत नसत. "मामा येळंवर जेवत्यात न्हवं?" एवढंच विचारत. आज माझ्या हातून जे काही थोडंफार झालं असेल, ते मामांमुळे. हे त्यांना तोंडावर सांगायचं मात्र राहून गेलं.

मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी नोकरीला होतो. गावी जाऊन आबांना सांगितलं. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. शेजाऱ्यानं कुंपणावरून विचारलं, "कोन गेलं म्हनायचं? भावकीतलं का?"

मामा आमच्या जातीचे नव्हते की गावचे नव्हते.

"व्हय," आबा म्हणाले. "भावकीतलंच."