आजारपणाची तालीम

आजारी पडण्याची इतकी जय्यत तयारी करून ठेवलेला माणूस अख्ख्या काशीत दुसरा झाला नसेल, असं मी आमच्या आतोबांबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. काशी हे मरायला येण्याचं गाव. इथं लोक मरणाची तयारी करतात, आजारपणाची कोणी करत नाही. आतोबांना हे मुळीच मान्य नव्हतं. "मरण फुकट आहे रे," ते म्हणायचे, "त्याच्या आधीचे दिवस महाग पडतात."

आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि पायऱ्या उतरलं की पंचगंगा घाट. जन्म काशीतला, मराठी घरापुरती, आणि नोकरी रेल्वेत, तीही अपघाताच्या खात्यात. म्हणजे गाडी रुळांवरून घसरली तर काय करायचं, याची खोटी खोटी कवायत स्टेशनांवर घडवून आणायची, हे त्यांचं काम. भोंगा वाजायचा, डॉक्टर धावायचे, धडधाकट हमाल स्ट्रेचरवर कण्हत पडायचे, आणि आतोबा घड्याळ हातात धरून उभे. तीस वर्षं हे केल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं. जी गोष्ट एकदा खोटी करून पाहिलेली नाही, तिच्यावर त्यांचा भरवसाच बसेना.

नव्वद सालानंतर कधीतरी ते निवृत्त झाले. निवृत्तांसाठी रेल्वेची औषधपाण्याची योजना होती. निवृत्त होताना एकदाच काही रक्कम भरायची, मग नवरा-बायको दोघांनाही जन्मभर रेल्वेच्या दवाखान्यात उपचार. बरोबरचे पुष्कळजण म्हणाले, आम्ही काय आजारी पडतोय! आतोबांनी पहिल्याच दिवशी पैसे भरले, कार्ड करून घेतलं, आणि योजनेचं माहितीपुस्तक घरी आणून असं वाचायला घेतलं की आत्या त्यांना विचारायची, "अध्याय संपला का? पान वाढू?"

पुस्तक पाठ झाल्यावर त्यांनी ते काशीला शिकवायला घेतलं. मुंजीत, बारशाला, कोणाच्या तेराव्याला, कोणी पेन्शनर दिसला की नमस्काराच्या जागी प्रश्न यायचा, "कार्डावर पत्नीचं नाव घातलंत ना?" एकदा घाटावर एका पुरोहितबुवांना त्यांनी घटकाभर धरून ठेवलं. बुवा काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो, पण मला पेन्शनच नाहीये!" आतोबा शांतपणे म्हणाले, "नसू दे. समजून घ्यायला काय हरकत आहे?" आणि पुढचा नियम सांगायला लागले.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्यांच्या एका जुन्या दोस्ताचं प्रकरण घडलं. हा दोस्त स्टेशनमास्तर होता, योजनेतही होता. पित्ताशयाचे खडे निघाले तेव्हा जावयाच्या ओळखीच्या नर्सिंग होममध्ये जाऊन त्याने थाटात ऑपरेशन करून घेतलं. घाई मुळीच नव्हती. पण रेल्वेच्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन बाहेर जायचं असतं, ती कोणी घेतलीच नव्हती. बिल जसं गेलं तसं परत आलं. दोस्ताच्या बायकोच्या हातातल्या पाटल्या गेल्या. आतोबा त्यांच्या घरी जाऊन आले आणि दोन दिवस माहितीपुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचत बसले. तिसऱ्या दिवशी आत्याला म्हणाले, "आपण तालीम करू या."

आमच्या गल्लीत रिक्षा येत नाही. सडकेपर्यंत माणसाला उचलूनच न्यावं लागतं. तेव्हा पहिल्या तालमीला आतोबांनी घरातली खाट काढली, तिच्यावर आत्याला निजवलं, ऊन लागू नये म्हणून चादर पांघरली, आणि घाटावरचा बचाऊ नाववाला आणि त्याचे तीन भाऊ यांच्या खांद्यावर खाट दिली. काशीच्या गल्लीत चार खांद्यांवरून जे जातं ते काय असतं, हे जन्मभर तिथं राहिलेल्या माणसाच्या लक्षात येऊ नये? लोक भिंतीला चिकटून हात जोडू लागले. पानवाल्याने गादीवरून उठून 'राम नाम सत्य है' म्हटलं. एका म्हाताऱ्याला फक्त दिशा खटकली, घाट सोडून सडकेकडची. "अरे, उल्टा केहर ले जात हउआ लोग?" तो ओरडला. तेवढ्यात चादरीतून आत्याचा आवाज आला, "अहो, दूध ओट्यावरच राहिलंय! मांजर येईल!" एक यात्रेकरू बाई जागच्या जागी मटकन बसली. तिला पाणी पाजण्यात तालीम संपली.

त्या रात्री आत्याने निक्षून सांगितलं, "मी या गल्लीतून आडवी एकदाच जाणार." म्हणून पुढे वेताच्या खुर्चीला दोन्हीकडून बांबू बांधले. मग दर दोन-चार महिन्यांनी तालीम व्हायची, आणि गल्लीलाही तिची सवय झाली. आत्याही सरावली. "मागच्या वेळी छाती झाली, या वेळी पाय मोडू द्या," असं सुचवायची. नवी साडी नेसून खुर्चीत बसायची आणि वाटेत ओळखीच्या बायकांशी भाजीचे भाव बोलत सडकेपर्यंत जायची. बचाऊ विचारायचा, "माताजी, आज का भयल हौ?" आणि ती मांडीला हात लावून म्हणायची, "आज हड्डी."

खुर्ची चालायची तसे बाजूने आतोबा चालायचे आणि प्रश्न विचारायचे.

"बाहेरचा डॉक्टर म्हणाला, आत्ताच भरती करा, तर?"

"घाईचं नसेल तर आधी आपला दवाखाना. तिथली चिठ्ठी. मग बाहेर."

"जिवावरच बेतलं असेल तर?"

"आधी जीव. जो जवळ असेल तो डॉक्टर. आणि त्याच पावली आपल्या दवाखान्याला फोन."

"कागदावर सही कोण करणार?"

"तुम्ही."

"आणि मी नसलो तर?"

इथं गाडी थांबायची. आत्या कधी पदर सारखा करायची, कधी बचाऊच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करायची. हाच प्रश्न घरी विचारला की दूध बघायला उठायची. आतोबा रागावत नसत. पण त्यांचा चेहरा उतरायचा. मला त्यांनी एकदा घाटावर बसल्या बसल्या सांगितलं, "ही कधी एकटी बँकेतसुद्धा गेलेली नाही रे. मूलबाळ नाही. तू आहेस, पण तुझी बदली झाली तर? दवाखान्याच्या खिडकीपाशी ही रडत उभी राहील आणि कोणीतरी हिला कुठंतरी घेऊन जाईल. ती सगळी उत्तरं बरोबर देते, पण मला पाहिजे ते एकच देत नाही." आतोबांना हसू नये असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आणि मग एका थंडीत सकाळी, घाटावरून स्नान करून वर आल्यावर, आतोबा उंबरठ्यावरच खाली बसले. चेहरा राखेसारखा, अंगाला दरदरून घाम. मी नेमका तिथं होतो. आतोबांनी इतक्या तालमी घेतल्या, पण त्यातल्या एकीतही रुग्ण म्हणून स्वतः ते बसले नव्हते.

आत्याने पदर खोचला. "कुर्सी काढ," ती मला म्हणाली. "आणि बचाऊला हाक मार."

खुर्ची गल्लीत आली तसा हशा पिकला. पानवाला ओरडला, "अरे वाह! आज माताजी के जगह बाबूजी!" कोणी वाट देईना, सगळे गंमत बघायला पुढे आले. आतोबांनी त्या अवस्थेतही सवयीने वाट मोकळी करायला हात वर केला. तेव्हा माझी आत्या, जी आयुष्यात कधी उंच आवाजात बोलली नव्हती, ती गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "हटो रे! आज नाटक नाहीये! माझा माणूस आहे तो!" एका क्षणात गल्ली मोकळी झाली. पानवाला अनवाणी पुढे धावत लोकांना बाजूला करू लागला.

सडकेवर नर्सिंग होम होतं. आत्या तिथंच थांबली. डॉक्टरांनी तपासलं, गोळी दिली, प्राणवायू लावला आणि भरती करा म्हणाले. मी मान डोलवणार तोच आत्याने विचारलं, "डाक्टरसाहब, जान को अभी खतरा है, या ये रेल्वे के अस्पताल तक जा सकते हैं?" डॉक्टरांनी पुन्हा नाडी पाहिली आणि म्हणाले, आता ऑक्सिजन लावून नेता येईल. त्याच पावली तिने मला आपल्या दवाखान्याला फोन करायला पिटाळलं. रेल्वेच्या दवाखान्याची गाडी आली. तिथल्या खिडकीवर कारकुनाने विचारलं, "दस्तखत कौन करेगा?" मी पुढे झालो. तिने माझा हात बाजूला केला, काचेवर कागद टेकवला आणि सावकाश, एकेक अक्षर काढत, पूर्ण नाव लिहिलं.

चौथ्या दिवशी आतोबा उशीला टेकून बसले. पहिला प्रश्न त्यांनी मला नाही, तिला विचारला. "सही कोणी केली?"

"मी."

"का? हा होता की."

"तुम्हीच विचारत होतात ना इतकी वर्षं," आत्या म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. "मी नसलो तर, मी नसलो तर. मी करीन. झालं?"

आतोबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली, पण त्यांचा हात चादरीवरून चाचपत चाचपत तिच्या हातापर्यंत गेला. नंतर ते सात-आठ वर्षं जगले, छान जगले. पण तालीम पुन्हा कधी झाली नाही. खुर्चीचे बांबू सोडून त्यांनी बचाऊला देऊन टाकले.

आतोबा गेले तेव्हा कोणाला त्रास न देता, झोपेतच गेले. या वेळी दिशा बरोबर होती, आणि पानवाला अनवाणी पुढे चालत लोकांना बाजूला करत होता. आत्या आता महिन्यातून एकदा दवाखान्यात जाते, रांगेत उभी राहते, सही करते, गोळ्या घेऊन येते. मला बरोबर येऊ देत नाही. उरलेला वेळ त्या वेताच्या खुर्चीत बसते.

माझीही रेल्वेतून निवृत्ती आता जवळ आली आहे. परवा चहा घेताना आत्याने आमच्या हिला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. बाहेरचा डॉक्टर भरती करा म्हणाला तर? जिवावर बेतलं तर? हिने हसत हसत सगळी उत्तरं बरोबर दिली. मग आत्याने माझ्याकडे बोट करून विचारलं, "आणि हा नसला तर?"

ही दूध बघायला उठली. मी हाक मारणार होतो, पण आत्याने मला थांबवलं.

"असू दे," ती म्हणाली. "लागतात थोडी वर्षं."