बांबूवरचं घुबड

मंडळी, आज सकाळी गंगापूर रोडवरून हरसूलला ताईकडे गेले होते. परत आले ती थेट इथे लिहायला बसलेय.

ताईच्या गव्हात उंदरांनी धुमाकूळ घातलाय. पूर्वी कडाक्याची थंडी पडली की त्यांची वीण मंदावायची. यंदा ऐन हिवाळ्यात दुपारी घाम येतोय आणि बिळांत पिल्लं निघतच आहेत. साप दिसला की ठेचला, असं करत बांधावरचे सापही संपले. उरलं होतं एक घुबड. त्याला बसायला भाऊजींच्या वडिलांनी शेताच्या मधोमध बांबू रोवून वर आडवी काठी बांधली होती. तिथूनच ते उंदीर टिपायचं.

मागच्या आठवड्यात भाऊजींनी बिळांपाशी पिठात कालवून औषध टाकलं. उंदीर ढिगाने मेले. आज आम्ही शेतात गेलो, तर बांबूच्या बुडाशी घुबड पडलेलं, पंख पसरून. औषध खाऊन धडपडणारे उंदीर त्यानेच उचलले असणार.

आणि हातभर अंतरावर नवं बीळ. माती अजून ओली.

"पुन्हा औषध टाकणार?" ताईने विचारलं.

"मंग काय करू? गहू वाचवाया नको?"

भाऊजींनी घुबड बांधावर पुरलं. मग परत येऊन तो बांबू हलवून हलवून उपटला.

मी म्हटलं, "राहू द्या ना, भाऊजी."

"कशाला? आता बसनार कोन हाय त्याच्यावर?"

तुमच्या शेतात अजून कोणी येऊन बसतं का हो?