अण्णा म्हणाले, साकु

अण्णांच्या मेघाचा फोन आला तेव्हा मी बेंगळूरच्या चिकपेटेत माझ्या मशीनवर एका जरीच्या साडीला फॉल लावत होतो. फोन कान आणि खांद्याच्या मधे धरलेला, पाय पायडलवर चालूच. ती म्हणाली, "काका, बाबा गेले." आणि मी विचारलं, "कुठे?" ... खरंच विचारलं. मला वाटलं डॉक्टरनं सोडलं, घरी गेले. आदल्या दिवशीच मी त्यांना बघून आलो होतो, चमच्यानं गंजी, म्हणजे तांदळाची पेज, खात होते. पलीकडून काही आवाज येईना म्हणून मी वर आणि म्हटलं, "ऑटोनं गेले की तू गाडी आणलीस?" मग ती रडायला लागली आणि माझा पाय थांबला. त्या साडीचा फॉल तेवढ्या जागी वाकडा गेलाय, गिऱ्हाइकाच्या अजून लक्षात आलेलं नाही. मरणाची बातमी ज्याला समजावून सांगावी लागते असा मी माणूस, आणि अण्णांवर लिहायला मलाच सांगितलंय. लिहायला म्हणजे मी बोलतोय, आमची सून लिहून घेतेय. मी चौथीत दोन वर्षं बसलो, तिसऱ्या वर्षी बाकानंच मला नको म्हटलं.

अण्णा म्हणजे मधुकरराव. मूळचे मिरजेकडचे, इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, रिटायर होऊनही बराच काळ झाला. राजाजीनगरात आमच्याच गल्लीत घर. आम्ही पडलो इथले जुने मराठी. आमचे पूर्वज घोड्यावर बसून बेंगळूरला आले असं आमचे वडील सांगायचे. घोड्याचं काय झालं माहीत नाही, माझ्या वाट्याला शिलाईचं मशीन आलं. आमची मराठी निम्मी कानडी, त्यांची एकदम धुतलेली इस्त्रीची. पहिल्यांदा "अण्णा" म्हटलं तर ते चमकले. म्हणाले, "अहो, आमच्याकडे अण्णा वडिलांना म्हणतात." मी म्हटलं, "इथं मोठ्या भावाला म्हणतात, आणि भाजीवाल्याला पण. तुम्ही स्वल्प अ‍ॅडजस्ट करा." ते हसले आणि त्या दिवसापासून मी 'परशा' झालो, ते अण्णा झाले.

मी गेलो होतो त्यांच्या पँटीचं माप घ्यायला. तेव्हा मी पँटी पण शिवायचो, लोक अजून मला क्षमा करत होते. हॉलमध्ये कोपऱ्यात एक मोठा काचेचा डबा, आत हिरवा उजेड, काहीतरी हलतंय. मी टेप गळ्यात घालून सोफ्यावर बसलो आणि बघत राहिलो. बऱ्याच वेळानं म्हटलं, "अण्णा, याचा आवाज गेलाय का?" "कशाचा?" "टीव्हीचा." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माशांकडे. हसले नाहीत. म्हणाले, "हा कार्यक्रम मुका असतो. बस, दिवसभर चालतो." मग मी माशांकडे बघत बघत माप घेतलं आणि पँटीचा एक पाय आखूड झाला. दुसऱ्या कुणी पँट तोंडावर फेकली असती. अण्णांनी ती ठेवून घेतली आणि रविवारी टाकीचं पाणी बदलताना तीच घालायला लागले. "पाण्यात काम करायला एक पाय आखूड असलेला बरा," म्हणायचे. मी म्हटलं, "मग दुसरा पण करून देतो." "नको, तू हात लावलास तर पहिला लांब होईल."

त्यांच्या कानडीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळा घोटाळा तिथूनच आहे. इतकी वर्षं इथं राहून अण्णांना दोनच शब्द पक्के यायचे. बेकु, म्हणजे पाहिजे. आणि साकु, म्हणजे पुरे. हॉटेलात सांबार वाढणाऱ्याला म्हणायचं साकु, साकु. "परशा, या दोन शब्दांत माणसाचा जन्म निघतो," म्हणायचे. त्यांचे आधीचे गोल्डफिश गेल्यावर आम्ही दोघं नवीन मासे आणायला गेलो. त्यांनी छोटे गप्पी मासे मागितले. दुकानदारानं जाळी हातात घेतली आणि विचारलं, "साकोक्का, सार?" आता हे असं आहे, की कानडीत साकु म्हणजे पुरे, आणि साकु म्हणजे सांभाळ, पाळ, असं पण होतं. दुकानदार विचारत होता, पाळायला का? अण्णांना वाटलं विचारतोय, एवढे पुरे का? ते जोरात म्हणाले, "इल्ला इल्ला! इन्नू बेकु!" नाही नाही, अजून पाहिजेत! दुकानदार समजला, पाळायला नकोत, म्हणजे घरात मोठा मासा असणार, त्याला खायला घालायला पाहिजेत. त्यानं पुढच्या छान रंगाच्या माशांच्या टाकीतली जाळी काढली, मागं एका टबात घातली आणि भसकन पिशवीभर गप्पी काढून दिले. मोठ्या माशांचा चारा म्हणून विकतात ते. आणि मी, कानडी येणारा एकटा माणूस, त्या वेळी काय करत होतो? एका काळ्या माशाचं तोंड हुबेहूब माझ्या सासऱ्यासारखं दिसत होतं, ते बघत होतो.

घरी येऊन पिशवी उघडल्यावर मला उमगलं. मी सांगितलं तसे अण्णा खुर्चीत बसले आणि पिशवीकडे बघायला लागले. "म्हणजे हे खाऊन टाकायला दिलेत त्यानं?" मी म्हटलं, "हो, आपल्याकडे मोठा मासा आहे असं वाटलं त्याला." "आणि मी 'पुरे का' असं समजलो म्हणून..." "हो." मग म्हणाले, "परशा, एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कुणी केले रे?" मला काय माहीत. त्यातले काही पहिल्याच आठवड्यात गेले, टबातच अर्धमेले होते बिचारे. बाकीचे जगले. त्यांना पोरं झाली. गप्पी आपलीच पोरं खातात, म्हणून अण्णांनी टाकीत दाट झाडं लावली, पिल्लांना लपायला. मग पोरांची पोरं झाली. तिथून पुढं त्या टाकीत दुसरा मासा आलाच नाही. लोकांच्या टाकीत झालरवाले, चकचकीत मासे असतात, अण्णांच्या टाकीत सगळी चाऱ्याची औलाद.

मासे पाळणं म्हणजे मासे पाळणं नसतं, पाणी पाळणं असतं, असं ते म्हणायचे. मला ते कधी कळलं नाही. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, त्यातलं औषध उडून जायला. टाकीतलं सगळं पाणी कधी बदलायचं नाही, चौथा हिस्साच काढायचा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळायचा. मी म्हटलं, "घाण पाण्यात धुतल्यावर तो साफ कसा होणार?" म्हणाले, "तो साफ व्हायलाच नको आहे." आता बोला! पण खाणं घालायला मात्र मला आवडायचं. मासे काचेशी गोळा व्हायचे, तोंडांची उघडझाप करायचे, मला वाटायचं मला हाका मारताहेत. नावच गप्पी, माझ्यासारखेच. मी एक चिमूट टाकायचो, हात परत डब्यात जायचा, की मागून आवाज, "साकु!" मी विचारायचो, "पुरे, का पाळ?" आणि अण्णा चष्म्यावरून बघायचे, "तुला काय वाटतं?" हा आमचा रोजचा खेळ. जिंकायचं कुणीच नाही.

एकदा ते आणि त्यांची बायको, सुमनअक्का, लग्नाला मिरजेला गेले आणि टाकी माझ्याकडे. 'साकु' म्हणायला कुणी नाही. मला मासे वाळलेले दिसायला लागले. मी त्यांना इडली घातली. कुस्करून, प्रेमानं. अण्णा परत आले तेव्हा टाकीत मासे दिसत नव्हते, नुसतं ताक होतं. त्यांनी पिशवी पण खाली ठेवली नाही. म्हणाले, "परशा, हे मासे आहेत, तुझे व्याही नव्हेत." मग ती आखूड पँट घालून बसले. पाइप टाकीत सोडून तोंडानं पाणी ओढायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी इतकं जोरात ओढलं की माझ्या इडलीतली बरीचशी मलाच परत मिळाली.

दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांच्या छातीत पाणी झालं होतं. मी भेटायला गेलो. मला दुःखाच्या जागी नेहमी विनोदच सुचतो, हा आजार आहे, याला औषध नाही. मी म्हटलं, "अण्णा, सगळं पाणी काढू देऊ नका, चौथा हिस्साच." ते मास्कच्या आत हसले, मास्क धुरकट झाला. मग नर्स आली, मास्क बाजूला करून गंजी भरवायला लागली. दोन-तीन चमचे गेले असतील. मी पलंगाच्या या बाजूला, नर्स त्या बाजूला. अण्णांनी हात वर केला, जरासाच, आणि म्हणाले, "साकु." नर्सनं लगेच वाटी बाजूला ठेवली. पण ते तिच्याकडे बघत नव्हते. म्हणजे... माझ्याकडे पण बघत होते असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आमच्या दोघांच्या मधे कुठंतरी बघत होते, भिंतीकडे. मी रोजच्यासारखं विचारायला हवं होतं, पुरे, का पाळ? तोंडाशी आलं होतं. पण नर्स मास्क लावत होती. म्हटलं, उद्या विचारू.

अण्णांचे दिवस झाल्यावर मेघानं अक्कांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं, इलेक्ट्रॉनिक सिटीला. तिचा फ्लॅट लहान, टाकी ठेवायला जागा नाही. म्हणाली, मासे दुकानदाराला परत देऊन टाकू, तो घेतो म्हणाला. तिला काय माहीत, तो ते कुठल्या टबात टाकणार. मला माहीत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनंच विचारलं, "काका, शुद्धीत असताना तुम्हीच त्यांना शेवटचे भेटलात. बाबा काही बोलले होते का?" मी म्हटलं, "साकु म्हणाले." झालं. ती माझ्याकडे बघतच राहिली. डोळे भरून आले. म्हणाली, "पुरे म्हणाले? काका, डॉक्टर घशात नळी घालायची का विचारत होते. मी नको म्हटलं. तेव्हापासून मला झोप नाही... बाबांनीच पुरे म्हटलं होतं ना?" आतून अक्का आल्या. म्हणाल्या, "काही नाही गं, गंजीला म्हणाले असतील. जन्मात आवडली नाही त्यांना गंजी." दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तोंडाकडे खरं काय ते ऐकायला बघत होतं, आणि माझ्याजवळ सांगायला एक शब्द, तोही फाटका.

पाळ म्हणाले असं सांगावं, तर पोरीच्या हातातला आधार निसटतो. पुरे म्हणाले असं सांगावं, तर मासे टबात जातात. मी म्हटलं, "होय बाळ, पुरेच म्हणाले. शांतपणे म्हणाले." ती ओंजळीत तोंड घालून रडली, पण मोकळी रडली. मग मी म्हटलं, "आणि मासे मी नेतो. माझ्या घरी टीव्हीचा आवाज फार झालाय, मुका एक पाहिजे." अक्का म्हणाल्या, "परशुराम, इडली घालणार नसशील तर ने." आता मी खोटं बोललो का खरं, देवाला ठाऊक. कधी वाटतं, पुरेच म्हणाले, आणि मी उगाच मासे घेऊन बसलोय. कधी वाटतं, पाळच म्हणाले, आणि मी त्यांच्या पोरीला भलतंच सांगितलं. कधी वाटतं अक्काच बरोबर, साधी गंजी नको होती माणसाला.

मासे टाकीतल्याच पाण्यात बादलीत घातले, ओला स्पंज पण त्यातच, आणि गल्लीतून घेऊन निघालो. कोपऱ्यावर एका बाईनं थांबवून विचारलं, "मीनु तिन्नोक्का, अण्णा?" मासे खायला का? तिला विकत पाहिजे होते. मी बादली छातीशी धरली आणि म्हटलं, "इल्ला अम्मा. साकोक्के." नाही, पाळायला. आणि तिथंच रस्त्यात मला रडू आलं. बाईला वाटलं माझा धंदा बुडाला.

आता टाकी आमच्या पुढच्या खोलीत आहे. पाणी दिवसभर बादलीत ठेवतो, चौथा हिस्साच काढतो. स्पंज घाण पाण्यातच पिळतो, अजून कळलेलं नाही का ते. अक्कांनी ती आखूड पायाची पँट पण दिली, ती मला होत नाही, माझंच माप चुकलेलं. सकाळी दुकानाला जायच्या आधी डबा उघडतो. चाऱ्याची औलाद काचेशी गोळा होते, हाका मारते. एक चिमूट टाकतो. हात परत डब्यात जातो... आणि माझ्याच तोंडातून निघतं, "साकु!" हात थांबतो. आत बायको भाकरी थापत असते, ती विचारते, "कुणाला म्हणता हो?" मी डब्याचं झाकण लावतो आणि जरा वेळ मागं वळून बघत नाही.