लव्हाळ्याच्या गाठी

उद्या दफनभूमीत प्रार्थना, म्हणून आम्ही दोघी जावा सासूबाईंच्या कबरीवरचं गवत काढत होतो. थोरल्या जाऊबाई विळ्याने वरवर कापत होत्या. मी खुरप्याने खोल खणून लव्हाळ्याच्या मुळाशी असलेल्या काळ्या गाठी उपसत होते.

"अगं, उद्यापुरतं स्वच्छ दिसलं म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.

उद्यापुरतं! दर रविवारी चर्चमध्ये आम्ही तेच तर करतो. "आम्ही पापी आहोत" असं सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, की एकट्या कुणाला लाजावं लागत नाही. याच जाऊबाईंच्या मुलाला नोकरी लागली तेव्हा मी तोंडभरून कौतुक केलं आणि आतून जळत राहिले. अजून जळते. तो हेवा माझा आहे, सगळ्या मंडळीचा नाही. प्रभू क्षमा करतो, हे खरं. पण ज्या पापापायी त्याने क्रुसावर स्वतःचं रक्त सांडलं, ते मी घरात हौसेनं पोसायचं? मुळीच नाही.

"कितीही खण, पावसात पुन्हा उगवणारच ते," जाऊबाई हसल्या.

"उगवू दे की," मी पुढची गाठ उपसत म्हटलं. "मी काय खुरपं फेकून देणारेय?"